दोन राउटर, एक प्रिंटर: बैठकीत प्रिंट निघते, आतल्या खोलीत निघत नाही

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. आधी सगळी मांडणी देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला उलट विचारत बसायला नको.

३०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. इंटरनेट कंपनीनं दिलेला ओएनटी (फायबरची तार जिथे येते तो डबा) बैठकीच्या खोलीत आहे, त्याला स्वतःचं वाय-फाय आहे, पत्ता १९२.१६८.१.१. आतल्या खोलीत रेंज पुरत नाही म्हणून तिथे दुसरा राउटर बसवलाय. ओएनटीच्या लॅन (घरातली यंत्रं जोडायच्या) पोर्टमधून सुमारे १५ मीटरची केबल या राउटरच्या वॅन (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये गेलीय. त्याचा पत्ता १९२.१६८.०.१. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सारखाच ठेवलाय. प्रिंटर लेझर, स्कॅनरसह, वाय-फाय आणि लॅन पोर्ट दोन्ही असलेला. तो बैठकीत ओएनटीच्या वाय-फायवर आहे.

आता तक्रारी:

१. बैठकीत फोनवरून प्रिंट निघते. तोच फोन आतल्या खोलीत नेला की प्रिंटर सापडतच नाही.
२. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर प्रिंटर आयपी पत्ता टाकून जोडलाय. तिथून दोन्ही खोल्यांत प्रिंट निघते, पण आतल्या खोलीत असताना प्रिंटरवरून लॅपटॉपवर स्कॅन पाठवला तर पोचत नाही. शिवाय दर काही दिवसांनी प्रिंटर 'ऑफलाइन' होतो.
३. ऑफिसच्या लॅपटॉपवरून कधी निघते, कधी नाही.
४. आतल्या राउटरला केबलनं लॅपटॉप जोडला तरी स्पीड टेस्ट ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

फक्त यूएसबी असलेला एक जुना लेझर प्रिंटरही पडून आहे, तोही सगळ्यांना वापरता आला तर हवाय. इंटरनेट दोन्ही खोल्यांत सुरळीत चालतं, म्हणून दोष प्रिंटरचाच असं समजायचं का?


हाळी

प्रिंटरला हात लावू नका, तो निर्दोष आहे. इंटरनेट चालतंय यावरून घरातलं नेटवर्क ठीक आहे असं म्हणता येत नाही. तुमच्या घरात सध्या एक नव्हे, दोन नेटवर्क आहेत, १९२.१६८.१ चं आणि १९२.१६८.० चं. वॅन पोर्टमधून जोडलेला राउटर या दोहोंच्या मधे दार लावून बसतो. हे दार आतून बाहेर उघडतं, बाहेरून आत उघडत नाही. इंटरनेटला एवढंच पुरतं. प्रिंटरला पुरत नाही.

तुमची पहिली तक्रार आणि दुसरीतली स्कॅनची अडचण याच एका गोष्टीतून येतात. फोन प्रिंटर शोधतो तेव्हा त्याला पत्ता माहीत नसतो, तो नेटवर्कभर हाळी देतो, 'इथे प्रिंटर कोण आहे?' ही हाळी म्हणजे एमडीएनएस, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३ वर. ती ज्या नेटवर्कमध्ये दिली तिथेच विरते, राउटर ओलांडत नाही. म्हणून आतल्या खोलीतल्या फोनला प्रिंटर दिसत नाही. लॅपटॉपला तुम्ही थेट पत्ता दिलाय, त्यामुळे त्याचं काम दारातून बाहेर पडून प्रिंटरपर्यंत पोचतं. स्कॅन मात्र उलट दिशेनं, बाहेरून आत यायला बघतो आणि दारातच अडकतो.

खात्री करायची असेल तर आतल्या खोलीत फोनच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता बघा. १९२.१६८.० नं सुरू होणारा असेल तर प्रिंटर दिसणार नाही. कधीकधी फोन आत आल्यावरही बैठकीतल्या वाय-फायला चिकटून राहतो आणि मग प्रिंट निघते. नाव सारखंच असल्यानं आपण कुठे जोडलेलो आहोत ते कळत नाही, आणि दोष लहरी वाटू लागतो.

नियम साधा आहे, घरात पत्ते वाटणारा एकच हवा. पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, ओएनटीकडे राहू द्या आणि आतला राउटर अॅक्सेस पॉइंट करा. मग तो राउटर उरत नाही, नुसता वाय-फाय देणारा स्विच होतो.

बऱ्याच राउटरमध्ये ऑपरेशन मोड किंवा सिस्टिम मोड या नावाखाली 'अॅक्सेस पॉइंट' हा पर्याय असतो. तो निवडला की डीएचसीपी आपोआप बंद होतं आणि वॅन पोर्टही लॅनसारखा चालतो, केबल हलवायची गरज नाही. मात्र राउटरला आता नवा पत्ता ओएनटी देतो, त्यामुळे जुन्या १९२.१६८.०.१ वर त्याचं पान उघडणार नाही. ओएनटीच्या 'कनेक्टेड डिव्हायसेस' यादीत तो शोधा.

हा पर्याय नसेल तर हातानं करावं लागतं, आणि इथे क्रम चुकला की राउटर रिसेट करण्यावाचून गत्यंतर राहत नाही:

१. ओएनटीकडून आलेली केबल आतल्या राउटरच्या वॅन पोर्टमधून काढून ठेवा. ही पायरी सगळे विसरतात. केबल लागलेली असताना लॅन पत्ता १९२.१६८.१ मध्ये न्यायला गेलात तर वॅन आणि लॅन एकाच पट्ट्यात आले म्हणून राउटर बदल नाकारतो किंवा स्वतःच भलताच पत्ता घेतो.
२. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो राउटरच्या लॅन पोर्टला केबलनं जोडा.
३. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, मास्क २५५.२५५.२५५.०. सेव्ह केल्यावर तो नव्यानं सुरू होईल.
४. १९२.१६८.१.२ वर पुन्हा लॉगिन करून आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा. आधी डीएचसीपी बंद करून मग पत्ता बदलला तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि पान उघडत नाही. तसं झालंच तर लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० हा स्थिर पत्ता देऊन आत शिरता येतं.
५. ओएनटीची केबल आता राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन पोर्ट रिकामा ठेवा.

हे करण्याआधी ओएनटीच्या डीएचसीपीची मर्यादा बघा. बहुधा १९२.१६८.१.२ ते २५४ असेल. ती १०० ते १९९ करा, म्हणजे २ ते ९९ पत्ते राउटर, प्रिंटर वगैरे एका जागी राहणाऱ्या वस्तूंसाठी मोकळे राहतात. असं केलं नाही तर ओएनटी एखाद्या फोनला १९२.१६८.१.२ देऊन मोकळा होईल, आणि एकाच पत्त्यावर दोघं आले की दोघांचंही कनेक्शन तुटत राहील.

दोन्ही राउटरच्या मधे एकच केबल हवी. दुसरी केबल चुकून लॅनला लावली तर लूप तयार होतो, सगळे दिवे एकदम फडफडू लागतात आणि घरभराचं इंटरनेट बसतं.

शेवटी प्रत्येक फोन-लॅपटॉपचं वाय-फाय एकदा बंद-चालू करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं की डीफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१ दिसला पाहिजे, दोन्ही खोल्यांत तोच. तो तसा दिसला की वाय-फायचं नाव दोन्हीकडे सारखं ठेवणं बरोबरच आहे, फोन आपला आपण जवळचा अॅक्सेस पॉइंट पकडेल. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल वेगळे ठेवा, एकीकडे १, दुसरीकडे ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ.


सेतू

वरचं सगळं बरोबर आहे, पण ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, इंटरनेट नुसतं पुढे द्यायला लावून) नव्या राउटरलाच मुख्य करणं हाही रस्ता आहे, आणि राउटर चांगला असेल तर मी तोच सुचवेन. कंपनीनं दिलेल्या डब्यात पत्ता राखून ठेवणं, अपडेट, मुलांसाठी वेळेची मर्यादा यांची सोय बऱ्याचदा तोकडी असते.

त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आणि असेल तर व्हीलॅन आयडी (कंपनीनं जोडणीला दिलेला क्रमांक) घ्यावा लागतो. व्हीलॅन आयडी चुकला तर ओएनटीवर सगळे दिवे हिरवे दिसूनही राउटर 'कनेक्टिंग'वरच अडकतो. पीपीपीओईमध्ये प्रत्येक पाकिटातले ८ बाइट खर्च होतात म्हणून एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ हवा. तो १५०० राहिला तर काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्धवट उघडून लटकतात.

दोन गोष्टी आधी तपासा. घरचा लँडलाइन फोन ओएनटीतून चालत असेल तर ब्रिज केल्यावर तो बंद पडू शकतो. आणि ब्रिज मोडमध्ये ओएनटीचं वाय-फाय सहसा बंदच होतं, मग बैठकीत रेंज कोण देणार?


हाळी

@सेतू, तो शेवटचा मुद्दाच इथे निर्णायक आहे. यांना दोन्ही खोल्यांत वाय-फाय हवंय आणि डबे दोनच आहेत. ब्रिज केलं तर बैठकीसाठी तिसरा घ्यावा लागेल. म्हणून यांच्यासाठी अॅक्सेस पॉइंट. राउटर एकच असता तर मीही ब्रिजच सांगितलं असतं.


शाईदौत

नेटवर्क एक झालं की प्रिंटरकडे वळा. 'ऑफलाइन'ची कारणं दोन-तीनच असतात.

पहिलं, पत्ता बदलतो. डीएचसीपीनं दिलेला पत्ता उसना असतो. प्रिंटर बंद राहिला, मुदत संपली, तोवर तो पत्ता दुसऱ्या कुणाला गेला. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. उपाय म्हणजे ओएनटीच्या डीएचसीपी पानावर 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज'मध्ये प्रिंटरचा मॅक अॅड्रेस (यंत्राच्या नेटवर्क भागाचा ओळख क्रमांक) टाकून त्याला १९२.१६८.१.२० कायमचा देणं. काही डब्यांना राखीव पत्ता डीएचसीपीच्या मर्यादेतलाच लागतो. तसं असेल तर १९२.१६८.१.१५० द्या, बिघडत काही नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत स्थिर पत्ता टाकण्यापेक्षा हे बरं. उद्या राउटर बदलला आणि पट्टा वेगळा आला तर स्थिर पत्त्याचा प्रिंटर हरवतो आणि त्याचा मेनू शोधत बसावं लागतं.

मॅक अॅड्रेससाठी प्रिंटरचं नेटवर्क कॉन्फिगरेशन पान छापून घ्या. त्याच पानावर पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला तर प्रिंटरला डीएचसीपीचं उत्तरच मिळालेलं नाही. मग आधी वाय-फायचा पासवर्ड, नंतर बाकीचं.

दुसरं कारण विंडोजमधलं. प्रिंटर आपोआप सापडू दिला की विंडोज पुष्कळदा त्याला डब्ल्यूएसडी (यंत्रं आपोआप शोधण्याच्या पद्धतीचा) पोर्ट लावतं, आणि तो पोर्ट झोपेतून उठलेल्या प्रिंटरला ओळखायला चुकतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब उघडा. टिक लागलेल्या ओळीत डब्ल्यूएसडी लिहिलं असेल तर अॅड पोर्टमधून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' घेऊन राखीव पत्ता टाका. प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००. तुम्ही पत्ता टाकून जोडलाय म्हणता, तरीही हा टॅब एकदा बघाच. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज' ही दोन वेगळी पानं आहेत, पोर्ट्स दुसऱ्यात असतात.

तिसरं, त्याच टॅबवर 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा. खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी चौकट असते. एसएनएमपी म्हणजे प्रिंटरची स्थिती विचारण्याची पद्धत. प्रिंटर तिला उत्तर देत नसेल तर विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतं, छापायला तो तयार असला तरी. टिक काढा. तोटा इतकाच की कागद संपल्याची सूचना स्क्रीनवर कदाचित येणार नाही.

रांगेत एखादं काम अडकलं आणि 'डिलीटिंग'वरच राहिलं तर सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. आतल्या फायली पुसायच्या, फोल्डर नाही.

आता ऑफिसचा लॅपटॉप. त्यावर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, असणार. व्हीपीएन सुरू असताना लॅपटॉपची सगळी वाहतूक ऑफिसच्या बोगद्यातून जाते, घरातल्या १९२.१६८.१.२० कडे वळतच नाही. 'कधी निघते, कधी नाही' याचा अर्थ बहुधा 'व्हीपीएन बंद असताना निघते' असाच असतो. प्रिंट द्या, व्हीपीएन तोडा, रांगेतलं काम आपोआप बाहेर पडेल. व्हीपीएनची सेटिंग ऑफिसच्या हातात असते, तिथे खटपट करू नका. रोजचं काम असेल तर त्या लॅपटॉपला यूएसबी केबलनंच प्रिंटर जोडणं सोपं.

विंडोजमध्ये वाय-फायचं प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर तेही 'प्रायव्हेट' करा. पब्लिकमध्ये फायरवॉल आसपासची यंत्रं शोधू देत नाही, आणि स्कॅनही बाहेरच अडतो. स्कॅन थेट शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकायचा असेल आणि प्रिंटर जुना असेल तर आणखी एक अडथळा येतो. असे प्रिंटर एसएमबी १ (फायली शेअर करण्याची जुनी पद्धत) बोलतात आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ते नव्या इन्स्टॉलेशनमध्ये नसतं. ते मुद्दाम सुरू करू नका, सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते वाईट आहे. लॅपटॉपवरच्या स्कॅन अॅपमधून स्कॅन ओढून घ्या.


आठतारी

चौथी तक्रार, ९४. हा आकडा बघितल्यावर स्पीड टेस्टची गरज उरत नाही. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून पाकिटांवरचे पत्ते वगैरे वजा जाता जास्तीत जास्त ९४-९५ च निघतात. म्हणजे तुमच्या केबलची जोडणी १००० ऐवजी १०० वर झालीय. विंडोजमध्ये इथरनेटच्या तपशिलात 'लिंक स्पीड' बघा, पण ती लॅपटॉप ते राउटर या तुकड्याची दिसेल. मधल्या १५ मीटरसाठी तीच केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा आणि मग बघा.

आधी राउटरच्या खोक्यावर पोर्ट '१०/१००' लिहिलेत की '१०/१००/१०००' ते वाचा. वाय-फायचे मोठाले आकडे छापून पोर्ट १०० चे देणारे राउटर पुष्कळ आहेत. तसा असेल तर केबल बदलून उपयोग नाही.

पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० चे, असतील तर दोष केबलमध्ये. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही जोड्या, आठही तारा लागतात. ४-५ किंवा ७-८ मधली एक तार सुटली तरी जोडणी तुटत नाही, निमूटपणे १०० वर उतरते. म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन्ही टोकांचे प्लग कापून नव्यानं बसवा. खटक्याची बाजू खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल आपल्या बाजूला ठेवून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. नीट बघा, हिरवी जोडी निळ्या जोडीला कवेत घेऊन बसते. पांढरा-हिरवा तिसरा, हिरवा सहावा. हिरवा-हिरवा, निळा-निळा असे शेजारी लावण्याचा मोह होतो, आणि ते दोन्ही टोकांना सारखं केलं तर साधा टेस्टर आठही दिवे दाखवतो, पण जोड्या फुटलेल्या असतात आणि जोडणी अडखळते. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत इतकं जाऊ द्या की दाबपट्टी आवरणावर बसेल, नुसत्या तारांवर नाही.

१५ मीटरला कॅट ५ई प्रकारची केबल पुरते, गिगाबिटची मर्यादा १०० मीटर आहे. मात्र तार निव्वळ तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची तार दाबताना मोडते. सुरीनं टोक खरवडलं की आत चंदेरी दिसलं तर ती अॅल्युमिनियमची. विजेच्या वायरीच्या पाइपातून ही केबल नेऊ नका, धोका आहे आणि सिग्नलही बिघडतो. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.


उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. करून झालं त्याचा अहवाल:

राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंटचा पर्याय होता, तो निवडला. गेटवे दोन्ही खोल्यांत १९२.१६८.१.१ येतो. फोनला आतल्या खोलीतून प्रिंटर दिसतो, स्कॅनही पोचतो. ऑफिसच्या लॅपटॉपचं निदान तंतोतंत, व्हीपीएनच होतं. केबलच्या एका टोकाला तपकिरी तार प्लगमध्ये पूर्ण पोचलीच नव्हती. प्लग बदलल्यावर लिंक १००० आणि टेस्ट २९० च्या आसपास.

तीन गोष्टी राहिल्यात. प्रिंटरसाठी १९२.१६८.१.२० राखून ठेवला, वाय-फायवर तो बरोबर मिळतो. पण प्रिंटर ओएनटीला केबलनं जोडला तर १९२.१६८.१.१०४ येतो, असं का? दुसरं, आतला राउटर बंद-चालू केला की ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय मिनिटभर दिसतच नाही. आणि तो यूएसबीवाला प्रिंटर.


शाईदौत

प्रिंटरच्या वाय-फायचा मॅक अॅड्रेस वेगळा आणि लॅन पोर्टचा वेगळा. तुम्ही वाय-फायचा नोंदवलाय. केबल लावल्यावर बरेच प्रिंटर वाय-फाय बंद करून दुसऱ्या मॅकनं पत्ता मागतात, तो ओएनटीच्या लेखी नवा पाहुणा. केबल लावलेली असताना कॉन्फिगरेशन पान पुन्हा छापा आणि राखीव नोंदीतला मॅक बदला. प्रिंटर ओएनटीच्या शेजारीच असेल तर केबलच ठेवा, वाय-फायच्या निम्म्या कटकटी संपतात.

वाय-फायवरच ठेवायचा असेल तर इतकं बघा. बरेचसे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. वाय-फायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीची ठेवली तर जुना प्रिंटर जोडला जात नाही, डब्ल्यूपीए२ एईएस किंवा दोन्हींचं मिश्रण ठेवा. नावात साधी अक्षरं आणि आकडेच असू द्या, काही प्रिंटरना चिन्हं पचत नाहीत. प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर टाकू नका, तिथे यंत्रं एकमेकांना दिसूच नयेत अशीच रचना असते. हीच गोष्ट 'एपी आयसोलेशन'ची, ते बंद हवं.

स्क्रीन नसलेल्या प्रिंटरला डब्ल्यूपीएसचं बटण सोयीचं आहे. राउटरचं दाबा, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं दाबा. जोडणी झाल्यावर डब्ल्यूपीएस बंद करून टाका, निदान त्याची पिन पद्धत तरी. पिन आठ आकडी असली तरी राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ पासून जगजाहीर आहे.


हाळी

५ गिगाहर्ट्झचं उत्तर: राउटरचं चॅनेल 'ऑटो'वर असून त्यानं ५२ ते १४४ मधलं एखादं घेतलं असणार. या पट्ट्यात रडारही चालतात. म्हणून राउटरला प्रसारण सुरू करण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, रडार नसल्याची खात्री झाली की मगच वाय-फाय दिसतं. मधेच रडारसारखा सिग्नल ऐकू आला तर चॅनेल सोडूनही जावं लागतं. हा बिघाड नाही. नको असेल तर चॅनेल ३६ वर पक्कं करा, प्रतीक्षा संपेल.


सेतू

यूएसबी प्रिंटरसाठी तीन मार्ग, माझ्या पसंतीच्या उतरत्या क्रमानं.

रास्पबेरी पाय (खिशात मावणारा संगणक) किंवा जुना छोटा संगणक, त्यावर लिनक्स आणि कप्स (लिनक्सचं छपाईचं सॉफ्टवेअर). कप्सचं पान पोर्ट ६३१ वर उघडतं. वापरकर्त्याला 'एलपीअॅडमिन' गटात घालायचं, प्रिंटर जोडायचा, 'शेअर'वर टिक करायची. सोबत अवाही (एमडीएनएसचं काम करणारा प्रोग्राम) चालू असेल तर तोच प्रिंटरच्या वतीनं एमडीएनएसला उत्तर देतो आणि यूएसबीवाला प्रिंटर फोनलाही दिसू लागतो. यात अडतं ते ड्रायव्हरवर. कंपन्यांचे बंदिस्त लिनक्स ड्रायव्हर बहुधा इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठीच असतात, रास्पबेरी पायच्या एआरएमवर चालत नाहीत. म्हणून आधी तुमचं मॉडेल गुटेनप्रिंट, एचपीएलआयपी किंवा बीआरलेझर या खुल्या ड्रायव्हर-संचांपैकी कशात आहे का ते बघा. नसेल तर जुना इंटेलवाला संगणक वापरा. एचपीच्या काही लेझर प्रिंटरना चालू झाल्यावर दर वेळी फर्मवेअर पाठवावं लागतं, त्यासाठी एचपीएलआयपीसोबतचं वेगळं प्लगइन लागतं.

दुसरा मार्ग, विंडोजच्या ज्या संगणकाला तो जोडलाय तिथून शेअर करणं. तो संगणक चालू असेल तेव्हाच छपाई. शिवाय २०२१ मध्ये स्पूलरमधलं 'प्रिंटनाइटमेअर' हे भगदाड उघडकीला आल्यावर मायक्रोसॉफ्टनं नियम आवळले, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला अॅडमिन हक्क लागतात. एक संगणक अपडेट केलेला आणि दुसरा नाही, असं असेल तर '११बी'नं संपणारी एरर येते. रजिस्ट्रीत नोंद बदलून ती घालवण्याच्या युक्त्या फिरतात, पण त्यानं स्पूलरची सुरक्षा पुन्हा सैल होते. दोन्ही संगणक अपडेट करा.

तिसरा, राउटरच्याच यूएसबी पोर्टला प्रिंटर लावणं. आकर्षक वाटतं, पण बऱ्याच राउटरच्या यूएसबी पोर्टवर फक्त पेनड्राइव्ह चालतो. छपाई चालत असली तरी राउटर कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर प्रत्येक लॅपटॉपवर टाकावं लागतं आणि फोन वगळले जातात. अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये काही राउटर ही सोय बंदच करतात, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. जुन्या खोक्यावर 'क्लाउड प्रिंट रेडी' लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका, गूगलची ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

कुठलाही मार्ग घ्या, बाहेरून प्रिंट देता यावी म्हणून ओएनटीवर ९१०० किंवा ६३१ पोर्ट उघडू नका. पोर्ट ९१०० पासवर्ड विचारत नाही, जो येईल त्याचं छापतो.


उंबरठा

केबलचा मॅक नोंदवला, प्रिंटर १९२.१६८.१.२० वर आला. चॅनेल ३६ केलं. यूएसबीवाल्याचं मॉडेल बीआरलेझरच्या यादीत आहे, तेव्हा रास्पबेरी पायच. त्यालाही पत्ता राखून ठेवावा लागेल ना?


सेतू

हो, १९२.१६८.१.२१ द्या. केबलनं जोडणार असाल तर केबलचाच मॅक.